घोड्याचा आठवडा कागदावर आखायचा, की रोज घोडा पाहून ठरवायचा?

काळीमाती:
सोयाबीनची वावरं मोकळी झाली. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागेल आणि पावसाळाभर ठाणावर बांधलेली घोडी एकदम कामाला लागतील, म्हणून हा विषय आत्ताच काढतो आहे. पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांची तयारी आपल्याकडे दिवस मोजून होते. घोड्याचं मात्र ‘रोज तासभर फिरवून आणतो’ एवढ्यावर भागवतात. त्याच पांदणीनं, त्याच वेगानं जाऊन त्याच वळणावरून परत आलं, तर घोडा एकच गोष्ट शिकतो: परतीला घाई करायची. आठवडा कागदावर लिहून काढावा, असं माझं ठाम मत आहे.

चार दिवस स्वारी, एक दिवस कावा (दोरीवर गोल फिरवणं), एक दिवस हातात धरून चालवणं, एक दिवस पूर्ण सुटी. स्वारी पंचेचाळीस मिनिटांची. पहिली दहा मिनिटं ढिल्या लगामावर चाल, मग दहा-बारा मिनिटं दुडकी, दर तीन मिनिटांनी दिशा बदलून. पुढची पंधरा मिनिटं एकच धडा आणि शेवटी पुन्हा चाल. धडा खरोखर एकच असावा. या आठवड्यात थांबणं, तर फक्त थांबणं: आधी बैठक खोल करायची, मग लगाम आवळायचा आणि पाय थांबताक्षणी सोडायचा. सोडायला उशीर झाला आणि तेवढ्यात घोड्यानं मान झटकली, तर सुटका मान झटकल्यामुळे झाली असं तो समजतो. लगाम झटकणारी बरीच घोडी अशीच तयार झालेली असतात.

ठाणबंद घोड्याला पहिले तीन आठवडे नुसती चाल द्यावी, वीस मिनिटांपासून पंचेचाळीसपर्यंत. चौथ्या आठवड्यापासून दोन-दोन मिनिटांची दुडकी. सात-आठ आठवड्यांच्या आत चौखूर नको. एका आठवड्यात वेळ वाढवा किंवा वेग, दोन्ही एकदम नाही. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण पायाच्या नसा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि हाडं घट्ट व्हायला महिने लागतात. घोडा उत्साहानं पळतो आणि आपण फसतो. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, मागच्या नसेवर गरमी किंवा सूज हाताला लागली, की त्या दिवसापासून स्वारी बंद.

धुरा:
चौकट वाचायला छान आहे, पण कागदाला काळी माती कळत नाही. एक सर पडली की चिखलाचे गोळे खुरात बसतात आणि नाल उपटली जाते. कपाशी निघालेल्या वावरात पऱ्हाटीचे खुंट असतात, तुरीचं धसकट तर खुराच्या तळव्यात खिळ्यासारखं घुसतं. उन्हाळा लागला की भेगा इतक्या रुंद होतात की दुडकीत पाय अडकून मोडू शकतो. ‘आज बुधवार, आज दुडकी’ असं लिहून ठेवलेला माणूस बुधवारी घोडा काढतोच, आणि नुकसान तिथंच होतं.

रोज सकाळी आधी घोडा बघावा, मग ठरवावं. रात्रीचा कडबा संपवला का? लीद नेहमीसारखी आहे का? चारही खुरांवर तळहात ठेवून एखादं जास्त गरम लागतं का? जबड्याच्या कडेला बोट ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजावी आणि चारनं गुणावं. उभ्या घोड्याची नाडी 28 ते 44 च्या दरम्यान असते. ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर खोगीर उचलूच नये. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांनी नाडी साठच्या खाली आली नाही, तर आजचं काम जास्त झालं आणि उद्याचं कमी करायचं. आराखडा रोज असा घोड्याच्या अंगावरून वाचायचा असतो.

पांदणवाट:
राजेहो, तुम्ही दोघंही उन्हाचं विसरून राहिले. इकडं मे महिन्यात पारा 45 ला जाते. पहाटे पाचला खोगीर अन् सातच्या आत घोडा ठाणावर, एवढं एकच वेळापत्रक खरं. बाकी कागद नोव्हेंबरात काढा.

खरारा:
पांदणवाट भाऊ, पहाटेची वेळ बरोबर, पण फक्त मे महिन्याला भिऊ नका. ढोबळ हिशोब असा: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी, दोन्हींची बेरीज करा. 130 च्या खाली घोडा स्वतःला थंड करू शकतो, 150 च्या वर काम कमी करा, 180 च्या आसपास स्वारीच नको. भाद्रपदात 30 अंश म्हणजे 86 फॅरनहाइट आणि आर्द्रता 85 टक्के, बेरीज 171. घाम सुकत नाही आणि अंग आतून तापत जातं. याउलट मे महिन्यात 42 अंशाला आर्द्रता 20 टक्के असली तर बेरीज 128 येते, पण तिथं हा हिशोब खोटा धीर देतो. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, अंग ओलं दिसत नाही, नुसता पांढरा क्षार उरतो. पाणी मात्र गेलेलं असतं. म्हणून दाण्यात रोज तीस ग्रॅम मीठ घाला, घाम जास्त असेल तर दुप्पट, आणि पाणी कायम समोर ठेवा.

गरम घोड्याला पाणी पाजू नये, ही समजूत सोडा. चालवत-चालवत थोडं-थोडं लगेच पाजा आणि अंगावर डोक्यामागून मांड्यांपर्यंत बादलीनं सारखं पाणी ओता.

काळीमाती:
धुरा भाऊ, नाडी मोजायला तुम्हीच सांगता, पण आकडा लिहिणार कुठं? नाडी 44 असेल तर तुमच्या हिशोबानं घोडा ठीक. पण तो रोज 34 वर असतो हे वहीत असेल, तर 44 म्हणजे कुठंतरी दुखणं किंवा ताप सुरू झाला हे कळेल. इकडं माश्यांच्या दिवसांत सर्रा हा रक्ताचा रोग होतो. ताप येतो-जातो, घोडा हळूहळू खंगतो, पोटाखाली सूज येते. वही नसली तर मालक ‘आळशी झाला’ म्हणून काम वाढवतो. रक्त तपासून घ्यायचं ते राहूनच जातं.

बुधवारचं तुमचं म्हणणं मान्य. दिवस बदलला तरी चालेल, क्रम बदलू नये. पाऊस पडला तर दुडकीच्या जागी गोठ्यासमोर मागे सरकण्याचा धडा घ्या, पण पुढच्या पायरीवर उडी मारू नका.

धुरा:
वहीबद्दल वाद नाही. माझा आक्षेप धड्याच्या पंधरा मिनिटांवर आहे. घोडा चौथ्याच वेळेला हलक्या लगामावर थांबला, तर तिथंच उतरावं आणि खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) सैल करावा. घड्याळात दहा मिनिटं उरली म्हणून आणखी वीसदा थांबवलं, तर जमलेली गोष्ट बिघडते. आणि कावा सगळ्यांना लिहून देऊ नका. आपल्याकडे चार-पाच मीटरच्या दोरीवर गरागरा फिरवतात, त्यानं आतल्या पायाच्या सांध्यावर सगळा भार येतो. वर्तुळाचा व्यास पंधरा मीटरपेक्षा कमी नको, जमीन मऊ हवी, दोन्ही बाजू मिळून पंधरा मिनिटं पुरे. तीन वर्षांच्या शिंगराला तर नकोच.

तंग_आणि_रिकीब:
तुमची दोघांची चर्चा मोकळ्या वावरातल्या स्वाराची आहे. गावातली बहुतेक घोडी वरातीसाठी लागतात. त्यांना दुडकीपेक्षा उभं राहणं शिकवायचं असतं, आणि त्याचाही आराखडा लागतो. बँडचा आवाज शंभर मीटरवरून सुरू करा. कान सैल झाले, तोंड चघळायला लागलं, की दहा मीटर पुढे. घोडी ताठ झाली तर मागे घ्या. उभं राहणं दोन मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत, आठवड्यात तीनदाच. आदल्या रात्री डीजेसमोर नेऊन सवय होत नाही, नुसती भीती बसते. मग ती दाबायला काटेरी लगाम येतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत, त्यांत काटेरी लगामाला बंदी आहे. पारा 37 अंशांवर जातो तिथं दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये, हेही त्यांतच आहे.

आणि वजन. आपल्याकडची घोडी तीनशे किलोच्या आसपास असते. स्वार आणि सामान मिळून विसावा हिस्सा, म्हणजे साठ किलो, ही वरची मर्यादा. पंच्याहत्तर किलोचा नवरदेव आणि पंधरा किलोचं सजवलेलं खोगीर म्हणजे नव्वद. कोणताही आठवडा आखा, पाठ लागणारच.

काळीमाती:
विसावा नव्हे, पाचवा हिस्सा म्हणायचं असेल तुम्हाला, शंभरात वीस. साठचा आकडा बरोबर आहे.

तंग_आणि_रिकीब:
हो, पाचवा. लिहिण्यात चूक झाली. पाठ तपासायची रीतही सांगून ठेवतो: खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला असावा. मधेच कोरडा डाग दिसला तर तिथं दाब बसतो आहे. तळहातानं दाबल्यावर घोडी पाठ खाली घेत असेल, तर सुपारी परत करा आणि दुसरी घोडी पाठवा.

धुरा:
हा ठसा वहीत काढून ठेवायला माझीही हरकत नाही. वार ठरवून काम घेण्याबद्दलचं मत मात्र तेच.