मदत हवी आहे: झिरो माइल ते रामटेक, नकाशावर काढलेल्या रूटवरून फोन वळणं कशी सांगेल?

भाऊ लोकांनो, डोकं बंद पडलं.

रविवारी पहाटे नागपूरच्या झिरो माइलवरून रामटेकला सायकली काढायच्या आहेत. एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. एलआयसी चौक, इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान आणि मनसरला उजवीकडे. आपल्याला पाठ आहे, पण सोबत चार-पाच नवे आहेत. मागच्या वेळी त्यातले दोघं मनसरचा फाटा सोडून सरळ देवलापारच्या दिशेने गेले. फोन लागला तेव्हा एका ढाब्यावर चहा पिऊन राहिले होते.

म्हणून गूगलच्या माय मॅप्समध्ये रूट काढला, त्याची केएमएल फाइल उतरवून तिचं जीपीएक्स (नकाशाच्या ॲपला चालणारी रूटची फाइल) केलं आणि सगळ्यांना पाठवलं. ओस्मअँड या नकाशाच्या ॲपमध्ये रेघ छान दिसते, पण बोलत काहीच नाही. ट्रॅक रस्त्यांना जोडायचा पर्याय चालू केला तर उलटंच: कामठीत "डावीकडे वळा" आणि लगेच "यू-टर्न घ्या", आणि एलआयसी चौकापासून थेट उड्डाणपुलावर चढवतो. आम्हाला खालून जायचंय, गड्डीगोदामला एक जण येऊन मिळणार आहे.

गूगल मॅप्समध्ये थांबे टाकूनही पाहिलं. नऊच्या वर घेत नाही आणि मधला रस्ता स्वतःच ठरवतो. हाताने वळणं लिहून काढायची का आता?

जुनी_चेन:
भाऊ, तुझ्या फाइलमध्ये वळणं नाहीतच, तर सांगेल कुठून? जीपीएक्समध्ये ट्रॅक म्हणजे नुसते बिंदू: अक्षांश, रेखांश, फार तर उंची आणि वेळ. वळण हे ॲप शोधून काढतं, त्या बिंदूंखाली नकाशातला कोणता रस्ता आहे ते जुळवून. तुझा बिंदू दहा मीटर सरकून बाजूच्या गल्लीत पडला, की ॲपला वाटतं तू गल्लीत शिरून परत आलास. तोच तुझा यू-टर्न.

उड्डाणपुलाचं दुखणं वेगळं. तिथे खाली रस्ता, वर पूल, त्याच्यावर मेट्रो. तिन्ही एकाच जागी. अक्षांश-रेखांशावरून मजला कळत नाही.

हाताने काढलेला रूट फेकून दे. बीराउटर या रूट काढायच्या वेबसाइटवर सायकलचा प्रोफाइल लावून नव्याने काढ. रेघ ओढू नको. मोजके बिंदू टाक, तेही चौकात नाही, दोन चौकांच्या मध्ये. आणि पूल टाळायला नो-गोचं (इथून नेऊ नको सांगणारं) वर्तुळ लावायला जाशील, तर ते लावू नको, खालचा रस्ताही बंद होईल. पूल चढायला लागतो तिथे नकाशा पूर्ण मोठा कर. रॅम्प आणि खालचा रस्ता या दोन रेघा वेगळ्या दिसतील, तिथे खालच्या रेघेवर एक बिंदू ठेव. पूल उतरतो तिथे परत एक. मग त्याचं जीपीएक्स उतरवून ओस्मअँडमध्ये रस्त्यांना जोड.

सावजी_स्प्रिंटर:
कोणाकडे सायकल कॉम्प्युटर असेल तर त्याला टीसीएक्स (रूटच्या फाइलचा दुसरा प्रकार) दे, त्यात वळणाचे बिंदू वेगळे साठवता येतात. फक्त नाव दहा अक्षरांचंच बसतं. "ऑटोमोटिव्ह चौक" लिहू नको, "ऑटो चौक" लिही.

आणि कागद ठेवच, बे. एकूण किलोमीटर, डावं-उजवं-सरळ, खूण. तीन रकाने, हँडलला चिकटपट्टी. कन्हानचा पूल ओलांडल्याची ओळ टाक, वळण नसलं तरी. नव्या माणसाला आपण बरोबर आहो हे कळलं पाहिजे.

धागाकर्ता:
जमलं! अकरा बिंदूंत आख्खा रूट झाला. आज सकाळी इंदोऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं, फोनने खालूनच नेलं. घरी पूर्ण रूट तपासला तेव्हा कामठीत एक यू-टर्न अजून होता. बिंदू नेमका गल्लीच्या तोंडाशी पडला होता. पन्नास मीटर पुढे सरकवला, गेला. कागद आता रात्री लिहितो.