चॅटनूगात घर भाड्याने घेताना

अटलांटापेक्षा भाडे कमी म्हणून अमेरिकेच्या टेनेसी राज्यातले चॅटनूगा शहर राहायला निवडावे, असे काही जण म्हणतात आणि ते मत मला पटते. मात्र हिशेब तेवढ्यावर थांबवू नये. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, पण शहरात विक्रीकर ९.२५ टक्के पडतो. खरी काळजी पाण्याची आहे. धरणांमुळे टेनेसी नदी बरीच आवरली असली, तरी साउथ चिकमॉगा ओढ्याकाठचा सखल भाग मुसळधार पावसात पाण्याखाली जाऊ शकतो. म्हणून तळमजल्यावरचे घर घेण्यापूर्वी भिंतींच्या पायथ्याशी ओलीचे डाग किंवा फुगलेल्या लाकडी पट्ट्या आहेत का, हे वाकून पाहावे आणि पूर्वी पाणी शिरले होते का, हे मालकाला लेखी विचारावे. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान सहसा धरत नाहीत. सरकारी योजनेतला पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, तेव्हा करारावर सही करतानाच त्याची सोय करावी.