महागाईचं लक्ष्य चुकलं, तर रिझर्व्ह बँकेचा अहवाल कुठे वाचायचा?

तळेगावकर:
किरकोळ महागाई 4 टक्के ठेवायची, 2 टक्के वरखाली चालेल, असं लक्ष्य आहे. 2022 मध्ये ते चुकलं आणि बँकेनं सरकारला अहवाल दिला. संकेतस्थळ पालथं घातलं, पण तो सापडत नाही. कुठे असतो?

रोखे_वाचक:
सापडणार नाही, तो प्रसिद्धच झाला नाही. जानेवारी ते सप्टेंबर 2022 या तीन तिमाहींची सरासरी महागाई 6.3, 7.3 आणि 7 टक्के होती. सलग तीन तिमाही 6 च्या वर गेली की रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम 45 झेडएन लागू होतं. मग लक्ष्य का चुकलं, उपाय काय करणार आणि गाडी रुळावर यायला किती काळ लागेल, हे सरकारला लेखी कळवावं लागतं. त्यासाठी 3 नोव्हेंबरला व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची खास बैठकही झाली. पण अहवाल लोकांसमोर ठेवा, असं कलमात कुठेच म्हटलेलं नाही. सरकारनं संसदेत हेच उत्तर दिलं, माहिती अधिकारातही नकार मिळाला. ब्रिटनमध्ये महागाई 2 टक्क्यांपासून एका टक्क्याहून जास्त सरकली, की बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर अर्थमंत्र्यांना पत्र लिहितात आणि ते कुणालाही वाचता येतं. झळ सामान्य माणसाला बसते, तर खुलासाही त्यालाच मिळायला हवा.

शिवडी_बंदर:
सहमत. तोवर पतधोरण समितीच्या बैठकांची इतिवृत्तं वाचा. बैठकीनंतर 14 व्या दिवशी येतात. सुरुवातीचा ठराव आधीच जाहीर झालेला असतो, त्यामुळे थेट शेवटाकडे जा. तिथे सहाही सदस्यांची मतं नावानिशी, कारणांसकट असतात. जून 2024 चं बघा: रेपो दर (ज्या दरानं रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो) 6.50 टक्क्यांवरच ठेवायला चौघं तयार, जयंत वर्मा आणि आशिमा गोयल यांना पाव टक्का कपात हवी होती.

तळेगावकर:
पण समितीतले बँकेबाहेरचे तिघं सरकारच नेमतं. ते सरकारच्या ओंजळीनं पाणी पिणार नाहीत कशावरून?

रोखे_वाचक:
मुदत 4 वर्षं आणि फेरनेमणूक नाही, त्यामुळे पुढच्या नेमणुकीचं आमिष उरत नाही. मला जास्त काळजी नेमणुकीच्या दिरंगाईची वाटते. गणपूर्तीला, म्हणजे बैठक भरायला, किमान 4 सदस्य लागतात, बँकेचे स्वतःचे फक्त 3. 2020 मध्ये जुन्या तिघांची मुदत संपली, नवे आले नव्हते. 29 सप्टेंबरला सुरू होणारी बैठक 7 ऑक्टोबरवर गेली. मुदत संपण्याआधीच नवी नावं जाहीर करण्याचं बंधन कायद्यात हवं.