अपोए-१ टाकूनही लिपोसोमचा गढूळपणा उतरत नाही

प्रश्न
एचडीएलमधलं (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांतलं) मुख्य प्रथिन अपोए-१ फॉस्फोलिपिडच्या (पेशीचं आवरण बनवणाऱ्या लिपिडच्या) पटलात कसं शिरतं, ते गढूळपणाच्या चाचणीने पाहायचं आहे. लिपोसोम म्हणजे लिपिडचे सूक्ष्म पोकळ गोळे; प्रथिन शिरून ते लहान चकत्यांत मोडले की द्रावण निवळतं. लिपोसोम बहुपदरी, पीओपीसी या फॉस्फोलिपिडचे. ट्रिस १० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, पीएच ७.४. लिपिड आणि प्रथिन वजनाने २.५ : १. तापमान ३७ अंश, मापन ३२५ नॅनोमीटरवर. तासभर रीडिंग हलत नाही. प्रथिनाची कोरडी पूड थेट बफरमध्ये विरघळवली आहे. गडबड प्रथिनात आहे की लिपिडात?

उत्तर १
आधी लिपिड बदला. पीओपीसीचं संक्रमण तापमान (घट्ट पटल वितळून प्रवाही होतं ते) उणे २ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे ३७ अंशांना पटल पूर्ण प्रवाही आणि एकसंध. प्रथिनाला घुसायला फटच मिळत नाही. डीएमपीसी हे दुसरं फॉस्फोलिपिड २४ अंशांना अर्धवट वितळतं. घट्ट आणि प्रवाही भाग शेजारी-शेजारी येतात, त्यांच्या सीमेवर मांडणी विस्कटते आणि प्रथिनाच्या हेलिक्सची (सर्पिल भागाची) पाणीद्वेषी बाजू तिथूनच आत शिरते. म्हणून डीएमपीसी घेऊनही तापमान ३७ ठेवलंत तर काम फारच मंदावेल. क्युव्हेटमधलं (मापनाच्या नळीतलं) तापमान २४ वर, अर्ध्या अंशाच्या आत स्थिर हवं. यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, क्युव्हेटमध्येच मोजा.

लिपिडच्या द्रावणातला क्लोरोफॉर्म नायट्रोजनखाली उडवा, उरलेला थर काही तास निर्वातात ठेवा, ३० अंशांपुढच्या बफरमध्ये व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा). अंतिम प्रमाण लिपिड ०.२५ आणि प्रथिन ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. नुसत्या लिपिडचा नमुना सोबत चालवलाच पाहिजे. मोठे लिपोसोम तळाशी बसले की रीडिंग आपोआप उतरतं आणि ते प्रथिनाचंच काम वाटतं. सतत ढवळत राहा.

उत्तर २
प्रथिनाकडेही बघा. पूड थेट विरघळवली की अपोए-१ चे रेणू एकमेकांना चिकटून राहतात. पटलाला लागायची बाजू अशा गुच्छात दडते. ६ मोलर ग्वानिडिनमध्ये (प्रथिनाची घडी उलगडणाऱ्या रसायनात) दोन-तीन तास ठेवा, मग ते काढायला थंडीत बफर तीनदा बदलून डायलिसिस करा (लहान रेणू पडद्यातून बाहेर जाऊ द्या). ग्वानिडिन उरलं तर प्रथिन नीट घडी घेत नाही, तेव्हा इथे घाई नको. गुठळ्या सेंट्रिफ्यूजने काढा आणि त्यानंतरच २८० नॅनोमीटरवर प्रमाण मोजा. आधी मोजलंत तर २.५ : १ हे प्रमाण कागदावरच राहील.

प्रश्नकर्ता
पण पटल रक्तातल्यासारखं हवं, म्हणून पीओपीसी निवडलं होतं. त्याचं काय करायचं?

उत्तर ३
पीओपीसीसाठी कोलेट (पटल विरघळवणारा पित्तक्षार) वापरा. पीओपीसी, अपोए-१ आणि सोडियम कोलेट मोलने ८० : १ : ८० घेऊन डायलिसिसने कोलेट काढलं की साधारण ९.६ नॅनोमीटरच्या चकत्या मिळतात. प्रत्येकीच्या कडेभोवती अपोए-१ चे दोन रेणू असतात. आकार ग्रेडियंट नेटिव्ह जेलवर (कण न मोडता आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर) तपासा. मात्र यातून फक्त शेवटची रचना कळते. प्रथिन पटलात किती वेगाने शिरतं हे कळत नाही, कारण पटल आधीच कोलेटने मोडलेलं असतं.

अखंड पटलाशी बंध पाहायचा तर सोनिकेशनने (ध्वनिलहरींनी फोडून) केलेले २० ते २५ नॅनोमीटरचे लिपोसोम घ्या. त्यांची वक्रता इतकी तीव्र असते की बाहेरच्या थरात फटी राहतात आणि अपोए-१ चांगलं बसतं. १०० नॅनोमीटरच्या लिपोसोमवर तेच प्रथिन फार कमी बसतं. सोनिकेशनच्या प्रोबमधून सुटलेले टायटॅनियमचे कण सेंट्रिफ्यूजने काढायला विसरू नका.

मोजताना एक मेख आहे. अपोए-१ मधले ट्रिप्टोफॅन (फ्लुरोसन्स, म्हणजे प्रकाश देणारी अमिनो आम्लं) ८, ५०, ७२ आणि १०८ या जागांवर, म्हणजे सगळे पुढच्या अर्ध्यात, आणि पटलाला आधी लागतो तो शेवटचा भाग, १९० ते २४३. त्यामुळे २९५ नॅनोमीटरवर उत्तेजित करून फ्लुरोसन्स फारसा सरकला नाही, तरी प्रथिन चिकटलेलं असू शकतं. सोबत २२२ नॅनोमीटरवर सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, हेलिक्सचं प्रमाण दाखवणारं प्रकाशमापन) घ्या. लिपिडशी बंध झाला की हेलिक्सचं प्रमाण स्पष्ट वाढतं, मग बंध कोणत्याही टोकाने झालेला असो.