खाडीच्या तोंडावरचा दांडा: आधी अंदाज हवा की ड्रेजर?

खाडीकाठचा:
एक ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठली नि पहिल्याच फेरीला काकाची बोट खाडीच्या तोंडावर रुतली. मे महिन्यात जिथून बिनधास्त जायचो तिथेच दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा ढीग, आलेला, त्यात ओहोटी लागलेली, भरती येईपर्यंत बोट कलंडून पडली आणि पंख्याची पात वाकली ती वेगळीच. पावसाचा अंदाज आपण मोबाइलवर बघतो मग तळाचा का नको? पूर किती आला, लाटा कुठून किती उंच आल्या यावरून वाळू साधारण कुठे सरकली असेल ते कॉम्प्युटरवर काढता येतं. बंदी उठायच्या आधी प्रत्येक बंदराला तसा नकाशा द्या.

जुना तांडेल:
अरे बाबा, दांडा कुठे आहे ते लाटच सांगते, जिथे पांढरी फुटते तिथे जायचं नाही, संपलं. उधाणाच्या मोठ्या भरतीला निघायचं, भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, थांबायचं. तुझ्या नकाशाचे पैसे ड्रेजरला दे.

खडकवासला रिटर्न:
काका, ड्रेजर लावून एप्रिलमध्ये उपसलेलं पावसाळ्यात परत भरतं त्याचं काय? गाळ कुठून येतो ते न बघता उपसणं म्हणजे पैसे पाण्यातच. आमच्याकडे खडकवासल्याला १९१६ पासून पाण्याच्या अभ्यासाची सरकारी संस्था आहे, मुंबई बंदराचं भरती-ओहोटीसकट मॉडेल बांधलेलं आहे, चॅनेल कुठे खोदला तर कमी भरेल हे आधी तपासता येतं. उपसायचंच आहे तर तेवढं तरी बघा.

पणजीकर:
मग लकी सेव्हनला कुठला फोरकास्ट कमी पडला होता? जुलै २०१७, कॅसिनोचं जहाज भर पावसाळ्यात मांडवीत शिरायला गेलं नि मिरामारला रुतलं. आग्वादचा दांडा पावसात धोक्याचा हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून तर खनिजाच्या बार्जेस पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत जायच्या. माहिती नव्हती असं नाही हो, ऐकायचं कोणी?

खाडीकाठचा:
@पणजीकर मान्य, पण दांडा "असतो" हे कळून मला काय उपयोग, यंदा वाट डाव्या अंगाने आहे की उजव्या ते हवंय.

जहाजी (सध्या हल्दिया):
इथे हुगळी नदीत या, मग बोला. बलारी, ऑकलंड, जेलिंगहॅम, एकेका दांड्याला नाव आहे, त्यावर पाणी किती ते सारखं मोजतात, वाट दाखवणाऱ्या पायलटशिवाय मोठं जहाज हलत नाही, भरतीसाठी नांगर टाकून बसायचं. गंगेवरचं फरक्का धरण १९७५ ला सुरू झालं तेव्हा हिशोब असा की तिथून हुगळीत ४० हजार क्युसेक पाणी सोडलं की गाळ वाहून जाईल. ड्रेजिंग अजून चालूच आहे! त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या भरवशावर मी तरी जहाज नेणार नाही, आणि आकड्याबरोबर तो कधी मोजला ती तारीख नसेल तर तो आकडा मी बघतही नाही.

खडकवासला रिटर्न:
मोजणं बंद करा कोण म्हणतंय? सगळीकडे रोज मोजायला ना बोटी ना माणसं. नॉर्थ सीमध्ये वाळूच्या लाटा तळावर सरकत असतात, त्या किती सरकतात ते बघून डच लोक ठरवतात कुठला पट्टा लवकर मोजायचा नि कुठला उशिरा. अंदाजाचा खरा उपयोग हा.

जुना तांडेल:
हे पटलं थोडं. पण लाट शांत असली की दांड्यावर ती फुटत नाही, दांडा दिसतही नाही, तेव्हा आम्ही दोरीला शिसं बांधूनच पाणी किती वाव खोल ते मोजायचो. येत्या ३१ जुलैला, बंदी उठायच्या आदल्या दिवशी, होडी काढू, पाऊस उघडला तर. तुझा तो खोली मोजायचा साउंडर आण. ड्रेजरचं मात्र मी सोडणार नाही.