बंड्याच्या तोंडाला वास: माशाचा की दातांचा?

आचऱ्याची_सून:
आमचा बंड्या गावठी कुत्रा, सहा वर्षांचा. बांगड्याची डोकी घातलेला भात, एवढाच त्याचा आहार. दोन-तीन महिने झाले, जवळ आला की नाक धरावं लागतं. घरचे म्हणतात, मासे खाणाऱ्याच्या तोंडाला काय सोनचाफ्याचा वास येणार? पण मासे तो पिल्लू असल्यापासून खातोय, वास आत्ताचा आहे. परवा ओठ वर करून पाहिलं तर मागच्या दाढेवर हिरडीलगत तपकिरी थर. नखाने निघेना, हिरडी लालभडक. सासूबाई आपली मशेरी त्याच्याही दातांना चोळायला निघाल्या होत्या, मी डबीच लपवली. घासायचं तर कशाने? आणि आता या वयात उपयोग होईल का?

वेंगुर्ल्याचो_झील:
हाडां दी गो चावाक, दात आपोआप साफ होतत. आमच्या मोत्याक कधी ब्रश दाखवूक नाय.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक:
मोत्याचे दात एकदा मोजा. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला 42 असतात. टणक हाडाने वरची मोठी दाढ चिरते, मुळाशी पू धरतो आणि डोळ्याखाली सूज येते. मालक बिचारा डोळ्यात थेंब घालत बसतो. अशी कुत्री मी नोकरीत पुष्कळ पाहिली.
ताई, डबी लपवलीत ते उत्तम. तंबाखू कुत्र्याला विष. माणसाची पेस्टही नको, त्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल त्याच्या जिवावर बेततं. तुम्ही पाहिलात तो थर म्हणजे कीटण. मऊ असतो तेव्हा ब्रशने निघतो, दोन-तीन दिवसांत कडक होतो, मग नाही. आता ते डॉक्टरांकडून भूल देऊनच काढून घ्या. भुलीशिवाय वरवर खरवडून देणारे भेटतील. दात चकचकीत दिसतात, हिरडीखालची घाण तशीच. भुलीआधी रक्त तपासायला सांगा. त्यानंतर रोज घासायचं, कुत्र्यांची पेस्ट मिळते.

काशीदचा_घोडेवाला:
विषय कुत्र्याचा आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. माझी घोडी गवताचे अर्धवट चावलेले बोळे खाली टाकायची, लिदीत चंदीचे अख्खे दाणे. मला वाटलं जंत. दोनदा औषध पाजलं, फरक शून्य. लगाम ओढला की मान झटकायची, त्यावर पर्यटकांची बोलणी मी खायचो. शेवटी डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारला. वरच्या दाढांची बाहेरची धार सुरीसारखी, गाल आतून फाटलेला. घोड्याची दाढ वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहते आणि चावून झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे कडा झिजायच्या राहतात. चंदी जास्त, गवत कमी असलं की आणखी वाईट. कानस मारून घेतली, आठवड्यात घोडी नीट खायला लागली. आता दरवर्षी पाऊस संपला, धंदा सुरू व्हायच्या आधी तोंड दाखवतो.

आचऱ्याची_सून:
सगळ्यांचे आभार. भुलीसाठी पुढच्या सोमवारची वेळ मिळाली आहे. तोवर ओलं फडकं बोटाला गुंडाळून पुढचे दात पुसायची सवय लावतेय. पहिल्या दिवशी गुरगुरला. आज बोटाला बांगड्याचं कालवण लावलं तर फडकंच ओढून पळाला, माडाखाली बसून चघळत होता. सासूबाई अजून डबी शोधतायत.