मदत घेताना पैसे पुढे करावेत का?

वर एकांनी लिहिलंय की लांबच्या पायी प्रवासात अनोळखी माणसाने काही दिलं तर पैसे पुढे केल्याशिवाय घेऊ नये, नाहीतर आपण लोकांना ओझं होतो. भावना चांगली आहे, पण जपानमधल्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची वाट चालताना मला नेमकं उलट शिकायला मिळालं. वाटेत यात्रेकरूला काहीतरी देण्याला तिथे 'ओसेत्ताई' म्हणतात आणि ते सहसा नाकारायचं नसतं. नवव्या शतकातले बौद्ध भिक्षू कूकाई, म्हणजे कोबो दाइशी, प्रत्येक यात्रेकरूसोबत चालत असतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे आपल्या हातात ठेवलेलं त्यांनाही पोचतं.

पाचव्या दिवशी भर पावसात एका आजींनी हाक मारून थांबवलं आणि हातात दोन संत्री ठेवली. मी पाकीट काढलं मात्र, त्यांचा चेहराच उतरला. मागून येणाऱ्या एका यात्रेकरूने मला खुणेनं थांबवलं आणि स्वतःची 'ओसामेफुदा' दाखवली. नाव-तारीख लिहिलेली ही कागदी चिठ्ठी देवळात वाहतात, आणि ओसेत्ताई देणाऱ्यालाही तीच द्यायची असते. माझी ओली चिठ्ठी आजींनी दोन्ही हातांनी घेतली, बाहीने हलकेच टिपली आणि खिशात जपून ठेवली. पुढे कुणी चहा दिला, कुणी नाणी. गाडीतून सोडायला आलेल्यांना तेवढं नम्रपणे नको म्हणायचो; सगळी वाट पायीच चालायचीय हे सांगितलं की कुणाला वाईट वाटायचं नाही.